लेडीज आत बसतात

१३ जानेवारी १९७९, शनिवार

बँक अर्धा दिवस. दुपारी बर्डीच्या बाजारातल्या साऊथ इंडियन हॉटेलात गेले. एक मसाला दोसा, एक कॉफी. रिक्षाने घरी.

एप्रिलमध्ये हे गेले, त्यानंतर पहिल्यांदाच. ह्यांच्या वेळी दर शनिवारी तिथेच जेवायचो. काउंटरवरचे अण्णा मला बघून उठून उभे राहिले. "साब बहुत अच्छे आदमी थे," हे सगळ्या हॉटेलला ऐकू जाईल असं म्हणाले आणि स्वतः फॅमिली रूमपर्यंत सोडायला आले. फॅमिली रूम म्हणजे प्लायवूडची खोली, दाराला पडदा. दोघं बसायचो तेव्हा ती इतकी कोंदट आहे हे लक्षात आलं नव्हतं. मी काही सांगणार, तोवर अण्णांनीच वेटरला सांगून टाकलं, "बाईजी का हमेशा वाला."

हमेशा वाला म्हणजे मसाला दोसा. मला दोसा आवडत नाही. लग्नानंतरच्या पहिल्या शनिवारी ह्यांनी दोन मागवले, दुसऱ्या शनिवारीही दोन. मग ते नेहमीचंच झालं. आज अण्णा पडद्यापाशी उभे राहून बघत होते, म्हणून पूर्ण खाल्ला.

वेटरने सवयीने दोन ग्लास ठेवले, मग एक उचलून नेला. राहू दिला असता तरी चाललं असतं.

१४ जानेवारी, रविवार

संक्रांत. यंदा आपल्याकडे सण नाही. रोजच्यासारखी खाली भाऊजींकडे जेवले. भाऊजी जेवताना बोलत नाहीत. मध्येच ह्यांच्या जागेकडे बघून निःश्वास टाकतात. मग वाढता वाढता जावेचा, शालूचा, हात थांबतो आणि मी घास हातात धरून बसते. त्यांचा मोठा भाऊ गेला, मान्य. पण रोज दोन्ही वेळा.

शालूने विचारलं, "काल दुपारी खाली नाही आल्या बाई?"

"बाहेर जेवले."

भाऊजींनी ताटातून वर पाहिलं.

संध्याकाळी शालू वर तिळाच्या वड्या देऊन गेली. "सण नाही तं नाही. तीळ तं खाले चालते."

२० जानेवारी, शनिवार

बर्डीला जायचं नाही हे ठरवूनच निघाले. अण्णांचं दुःख मला झेपत नाही. धरमपेठेत घराजवळ एक नवीन हॉटेल निघालंय, तिथे गेले.

"किती जण?"

"एक."

"साहेब मागून येऊन राहिले का?"

"नाही."

"मग आत बसा. लेडीज आत बसतात."

बाहेर सहा टेबलं रिकामी. तरी आत. आत कॉलेजची एक जोडी, भांडण अगदी रंगात आलेलं. मला बघून दोघं गप्प. मुलीने ओढणी सारखी केली. मी त्यांच्या कोणाची तरी आई असणार अशा नजरेने माझ्याकडे बघत राहिली. आइस्क्रीम तसंच टाकून दोघं उठून गेले. वेटर येऊन मलाच विचारतो, "काय बोलल्या बाई तुम्ही त्यायले?"

पुरीभाजी मागवली. पुऱ्या गार, वातड. भाजीत हळद कच्ची. पडद्याला जुन्या तेलाचा वास, जेवताना तोच नाकात. टेबल चिकट. हे असते तर खिशातल्या रुमालाने पुन्हा पुसलं असतं. पूर्वी ते तसं पुसायला लागले की मला लाज वाटायची.

वाईट जेवण झालं की बाहेर पडताना हे काउंटरवर सांगायचे, शांतपणे, नावं न ठेवता. मला जमलं नाही. मालकाने "कसं होतं?" म्हणून विचारलं, तर मी "ठीक" म्हणाले. स्वतःचाच राग आला.

पुन्हा त्या हॉटेलात जायचं नाही.

२७ जानेवारी, शनिवार

इतवारी. एकटीपुरतं दूध तापवायला लहान गंज घ्यायचा होता. भांडेवाला लहान दाखवायलाच तयार नाही. "घरी पाहुणे आले तं काय कराल बाई?" त्याच्या समाधानासाठी मधला घेतला. आता घरी तीन गंज आहेत, एकही माझ्या मापाचा नाही.

भूक लागली होती. धान्यबाजाराच्या गल्लीत एक भोजनालय दिसलं. पडदा नाही, फॅमिली रूम नाही, टेबलं भरलेली. एका टेबलावर एक वयस्क दलाल जेवत होते, बाहीला गव्हाचा कोंडा. समोरची खुर्ची रिकामी. मी उभीच राहिले. त्यांनी घास न थांबवता हाताने खुर्ची दाखवली.

"बसा बाई. टेबल काही माह्या बापाचं नाही."

बसले. थाळी आली. ते बघून म्हणाले, "भात नोका घेऊ, सकाळचा आहे. पोळी घ्या." मग आत ओरडले, "काहून बे, बाईले गरम पोळी काहून नाही आणून राहिला? थंडी काय मले खपवाले ठेवली?"

आतून आवाज, "आणतो ना काका. तुमचं तं रोजचंच आहे."

"रोजचं आहे म्हणूनच बोलतो. काल वरणात मीठ टाकाले इसरला, आज दोन दिवसाचं संगच टाकलं."

खरंच खारट होतं. मला हसू आलं, ठसका लागला. त्यांनी पाण्याचा तांब्या माझ्याकडे सरकवला आणि पुन्हा जेवायला लागले. माझं नाव विचारलं नाही, कोण बरोबर आहे विचारलं नाही. उठताना एवढंच म्हणाले, "वांग्याची भाजी बरी आहे. संपवा."

बरी होती. बाकी सगळं टाकाऊ. तरी कितीतरी दिवसांनी पोटभर जेवले.

३० जानेवारी, मंगळवार

संध्याकाळी भाऊजी वर आले. बसले नाहीत. दारातूनच म्हणाले, "वहिनी, शनिवारी इतवारीत तुम्ही कोणासोबत जेवत होत्या?"

त्यांचा कोणी मित्र तिथे कापडाच्या दुकानात आहे, त्याने पाहिलं.

"कोणासोबत नाही. ओळखीचे नव्हते ते."

"मग एका टेबलावर कशा?"

"दुसरी जागा नव्हती."

"जागा नव्हती तर घरी यायचं. घरी अन्न नाही का?"

आवाज चढवला नाही त्यांनी. चढवला असता तर बरं झालं असतं, मलाही उत्तर देता आलं असतं. त्या दलालाचं मला नावसुद्धा माहीत नाही. त्यांच्याबद्दल काय सांगणार, की वरण खारट म्हणाले?

दिवसभर मरमर काम केलं असल्यासारखी थकले आहे. खरं तर आज बँकेत गर्दीच नव्हती.

३ फेब्रुवारी, शनिवार

भाऊजींनी त्यावर उपाय काढला. "वहिनींना बाहेर जेवायचं असेल तर आपण नेऊ." बँक सुटायच्या वेळी दोघं फाटकाशी हजर. शालू चांगलं पातळ नेसून, अवघडलेली. तिला माहीत होतं मला काय वाटत असेल. बर्डीवरच नेलं. पुन्हा अण्णा, पुन्हा आत, पुन्हा पडदा.

भाऊजींनी वेटरला सांगितलं, "तीन मसाला दोसे. वहिनींना तेच लागतं, दादा तेच मागवायचे."

मी म्हणाले, "मला नको."

तिघंही माझ्याकडे बघायला लागले, वेटरसुद्धा.

"मग काय घेता?"

आणि मला काही सुचेना. भिंतीवर पाटी होती, ती वरून खाली वाचत गेले. इडली, वडा, उपमा. यातलं मला काय आवडतं हे खरंच माहीत नव्हतं. घरी ह्यांच्या पित्तामुळे सगळं बेताचं, इथे दोसा, माहेरी आई वाढेल ते. वेटर पेन्सिल घेऊन उभा. भाऊजी बोटांनी टेबल वाजवायला लागले. पाटीवर सगळ्यात खाली टोमॅटो उत्तप्पा होता, तो सांगितला.

मधे कच्चा, वर आंबट, खाली करपलेला. मी शेवटच्या तुकड्यापर्यंत खाल्ला.

"बघा, दोसा मस्त होता," भाऊजी म्हणाले. शालू खाली मान घालून चटणी बोटाने चाटत होती. मला वाटतं हसत होती.

घरी आल्यावर भाऊजींनी जिन्यापाशी थांबवलं. "वहिनी, वर्षश्राद्ध होईपर्यंत तरी हे शनिवारचं बंद ठेवा. नंतर पाहू. माझ्यासाठी नाही, दादासाठी." मी काही बोलले नाही. ते "बरं झालं" म्हणून आत गेले.

दादासाठी. दादांनीच तर मला दर शनिवारी हॉटेलात नेलं.

६ फेब्रुवारी, मंगळवार

भाऊजी कामाने वर्ध्याला. शालू संध्याकाळी मेथी निवडायला म्हणून वर आली. मेथी नावापुरती.

"बाई, एक विचारू? तिथं खरंच एकट्यानं बसता येते? मले तं भेवच वाटन. सगळे पायतात ना?"

"पाहतात."

"मग?"

"पाहून पाहून थांबतात. त्यांचंही जेवण गार होतं."

ती हसली. मग काड्या मोडत म्हणाली, "ह्यायले नोका सांगू मी बोलली म्हणून. पण बंद नोका करू. मले शिवणक्लासले जाणं महिनाभर थांबव म्हणाले होते, सासूबाईची तब्येत बरी होईपर्यंत. सासूबाई बऱ्या झाल्या, मग वारल्या. मशीन अजून पलंगाखाली आहे. एकदा थांबलं का मग सुरू करतो असं बोलाले तोंडच राहत नाही."

मी चहा केला. तिने मेथीची जुडी तशीच खाली नेली.

तिच्या बोलण्याने झोपेचं खोबरं झालं.

१० फेब्रुवारी, शनिवार

गेले नाही. शालूला भाऊजींनी सांगितलं होतं म्हणून तिने सकाळी डबा दिला. बँकेत सगळे निघून गेल्यावर पंख्याखाली बसून खाल्ला. फ्लॉवर, पोळी, लोणचं. भाजी चांगली होती. शिपाई कुलूप हातात घेऊन दाराशी उभा, "बाई, घाई नाही, जेवा निवांत." म्हणजे घाई होती.

फाटकापाशी भाऊजी होते. इकडून चाललो होतो म्हणाले. त्यांच्या स्कूटरवर मागे बसून घरी आले. खाली शालूने दार उघडलं, माझ्याकडे पाहिलं आणि डबा घेऊन आत गेली.

दिवसभर चिडचीड. कोणावर ते कळत नाही. ह्यांच्यावरही. असे मधेच उठून गेले.

१७ फेब्रुवारी, शनिवार

आज डबा नाही. शालू म्हणाली, विसरली. शालू काही विसरत नाही.

आज फाटकापाशी कोणी नव्हतं. तरी थोडा वेळ थांबले. मग चालत निघाले. सदरच्या रस्त्याला वळताना एक भोजनालय लागतं, बसमधून नेहमी दिसायचं. आत गेले.

"लेडीज आत बसतात," वेटर म्हणाला.

"मी इथे बसते."

"इथं माणसं बसतात बाई."

"दिसतंय."

तो डोकं खाजवत उभा राहिला. "मालकाले विचारून येतो." तो विचारून येईपर्यंत मी भिंतीकडच्या टेबलावर बसून घेतलं. मालकाने लांबून पाहिलं, वेटरला काहीतरी म्हणाला. वेटर परत आला आणि टेबल पुसायला लागला. टेबल चिकटच राहिलं. मी रुमाल काढून पुन्हा पुसलं. त्याला ते आवडलं नाही.

"काय आहे?"

"थाळी आहे. पाटोडी रस्सा आहे. पण तिखट आहे बाई, तुम्हाले नाही जमणार."

"तोच आणा."

पाटोडी चांगली, बेसन नीट शिजलेलं, खसखस हाताला लागत होती. रस्सा काळा, वर बोटभर तेल. तेल जास्तच. पोळ्या जाड. कांदा जुना. पण रस्सा. पहिल्या घासाला कान तापले, नाकाडोळ्यांतून पाणी. समोरच्या टेबलावरच्या माणसाने माझ्याकडे पाहिलं आणि मान दुसरीकडे वळवली. त्याला वाटलं असेल मी रडते आहे. थोडं तसंही असेल. पदराने तोंड पुसलं आणि पुढे खाल्लं.

अर्धी थाळी झाली असेल तेव्हा रस्त्याकडे लक्ष गेलं. समोरच्या पानठेल्याशी भाऊजी उभे होते. पान हातात, तोंडात घातलेलं नाही. त्यांनी मला पाहिलं होतं. मी पाहिलं हेही त्यांनी पाहिलं. आता आत येतील, म्हणून हात थांबला. आले असते तर काय म्हटलं असतं कुणास ठाऊक. आले नाहीत, गेलेही नाहीत. उन्हात तसेच उभे.

मी वेटरला हाक मारली आणि आणखी रस्सा मागितला.

"जमला का बाई?"

"मीठ कमी आहे."

"बाकी कोणी नाही बोललं."

"मी बोलते आहे."

त्याने मिठाची वाटी आणून ठेवली. पैसे देताना मालकालाही सांगितलं, रस्सा चांगला, मीठ कमी, कांदा जुना. तो हूं म्हणाला. बाहेर आले तेव्हा पानठेल्याशी कोणी नव्हतं.

घरी आले. भाऊजी अजून आलेले नाहीत. शालू जिन्याखाली उभी होती. काही विचारणार होती, पण शेजारच्या काकू ओसरीवर होत्या, म्हणून नुसती बघत राहिली. मी मान हलवली. कशासाठी हलवली ते मलाच नीट सांगता येणार नाही.

संध्याकाळ होत आली. खाली कुकरच्या शिट्ट्या. रात्रीच्या जेवणाला खाली गेले की भाऊजी समोर असतील, किंवा नसतील. बोलतील, किंवा निःश्वास टाकतील. मी शालूला सांगणार आहे की मला थोडंच वाढ.

पातळावर रस्सा उडाला आहे, पदराशी तीन ठिकाणी. मोरीत बसून साबण लावला, चोळला. तेल गेलं, पिवळं राहिलं. पुन्हा एकदा चोळलं आणि पातळ गॅलरीतल्या दोरीवर टाकलं.