यादीत नसलेलं चाक

मखमलाबाद, नाशिक
८ डिसेंबर १९९८

तीर्थरूप जयराममामांच्या चरणी भाग्यश्रीचा नमस्कार.

तुम्ही बंगळूरला सुखरूप असाल, ट्रेनिंग नीट चाललं असेल आणि तिथल्या गोड सांबारानं बिघडलेलं तुमचं पोट एव्हाना ताळ्यावर आलं असेल अशी आशा करते. इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत. आई बरी आहे, तात्या बरे आहेत, नवसाआत्याचा गुडघा थंडीनं धरला आहे पण तोंड चालू आहे. संध्याताईला शुक्रवारी पेठहून बाळंतपणासाठी घरी आणलं. सातवा लागला आहे, तीही बरी आहे आणि पोटातलंही बरं आहे (हे मी डॉक्टरीणबाईंना दोनदा विचारून घेतलं). तुमची फियाट बरी आहे. हे शेवटचं वाक्य मी तीनदा खोडून पुन्हा लिहिलं, कारण ते पूर्ण खरं आहे की नाही याची माझी मलाच खात्री नाही. म्हणून सगळं पहिल्यापासून लिहिते.

तुम्ही जाताना गाडीची किल्ली तात्यांच्या हातात दिलीत आणि म्हणालात की पोरीनं लायसन काढलं आहे, गाडी उभी राहून गंजण्यापेक्षा चालू दे. तात्यांनी किल्ली देव्हाऱ्यात ठेवली. दोन महिने तिला रोज शेवंतीचं फूल वाहिलं गेलं, गाडी मात्र जागची हलली नाही. ताईला आणायची वेळ आली तेव्हा तात्या म्हणाले, तू आण. नीट आणलीस तर फेब्रुवारीत तिला दवाखान्यातही तूच न्यायची. काही गडबड झाली तर मी गोरक्षचा टेम्पो सांगून ठेवतो. (गोरक्षचा टेम्पो तुम्हाला माहीत आहे. तो कोबी न्यायलासुद्धा वेळेवर येत नाही, आणि कोबी दोन दिवस थांबू शकतो.) त्या दिवसापासून मला झोप नाही.

मग तुमचं यादीचं पत्र आलं. नेहमीप्रमाणे मी ते तात्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं. ताई चौथीतून शाळा सोडून गुलाबाच्या वाफ्यात कामाला गेली, त्यामुळे या घरात पत्र वाचण्याचं काम पहिल्यापासून माझंच. तात्यांना अक्षर येत नसलं तरी त्यांना फसवता येत नाही. पाचवीत असताना तुमच्या एका पत्रातली माझ्या गणिताच्या मार्कांची ओळ मी गाळली होती. तात्यांनी कागद हातात घेतला, बोटानं ओळी मोजल्या आणि म्हणाले, एक ओळ कमी वाचलीस. तेव्हापासून मी कुणाच्याही पत्रातलं अक्षरही गाळलेलं नाही.

तर यादी. गाडी गावाबाहेर नेताना डिकीत काय काय असावं, असे तुमचे अठरा जिन्नस. जॅक आणि पाना गाडीत होतेच, बाकीचं मी जमवलं. दोरखंड, फॅनबेल्ट, फ्यूज, प्रथमोपचाराची पेटी, जाड कांबळं, छत्री. तुम्ही 'चांगली टॉर्च' लिहिलं होतं. एक आणली. पण ती चांगली आहे हे ऐन वेळी कशावरून कळणार, म्हणून दुसरी आणली. सर्वांत जास्त त्रास मला अकराव्या जिनसानं दिला. तुम्ही नुसतं 'पुरेसं पाणी' लिहिलंत. पुरेसं म्हणजे किती, मामा? गाडीला किती, माणसाला किती, गरोदर माणसाला किती? दोन दिवस विचार करून मी वीस-वीस लिटरचे दोन कॅन भरले. त्यावर आईनं ओटीचं सामान, ताईच्या सासरी द्यायला द्राक्षांची पेटी आणि आपल्याच मळ्यातले दहा गड्डे फ्लॉवर ठेवले. डिकी लागेना. मी यादी घेऊन एकेका वस्तूवर खूण करत गेले, आणि एक मोठी, जड, गोल वस्तू अशी निघाली की जिचं नाव यादीत नव्हतं.

हो. स्टेपनी.

ती काय असते हे मला माहीत नव्हतं असं समजू नका. पण तुम्ही वीस वर्षं ओझरला विमानाच्या कारखान्यात काढलेला माणूस. तुम्ही फ्यूज आठवणीनं लिहिता आणि चाक विसरता, हे माझ्या मनातच येईना. (विमानात तरी कुठे स्टेपनी असते, असंही मनात आलं. चुकलं.) मी यादी तीनदा वाचली, मागची कोरी बाजूही पाहिली, आणि स्टेपनी उतरवून विहिरीच्या मोटरीच्या खोलीमागे ठेवली. डिकी लागली. मला इतकं बरं वाटलं की त्या रात्री मी जेवले.

जाताना मी आणि आत्या दोघीच होतो, काहीच झालं नाही. परत निघताना ताई बसली तशी आत्या अडून बसली. आम्ही आता तिघी झालो होतो आणि तिघांनी मिळून वाटेला लागू नये. सुनीलभाऊजींना रजा नव्हती. मग आत्यानं त्यांच्या अंगणातला नारळाएवढा धोंडा उचलला, त्याला कुंकू लावलं आणि चौथा माणूस म्हणून पुढच्या सीटवर माझ्याशेजारी बसवला. मी म्हटलं, आत्या, यादीत नाही. आत्या म्हणाली, "तुझा मामा विमानं बनवतो. विमानात लय माणसं असतात, त्याला तिघांची काय काळजी?"

सावळघाटाच्या चढावर मागचं डावं चाक बसलं.

मी खाली उतरले, चाकाकडे पाहिलं आणि मग डिकीकडे पाहिलं. मागे उतार आणि मागच्या सीटवर ताई. तेवढ्यात गाडी विचार केल्यासारखी थोडी मागे सरकली. (तुमचा हँडब्रेक ढिला आहे. तोही यादीत नव्हता.) मी नुसती उभी राहिले. आत्या मात्र गुडघ्यासकट उतरली, पुढचं दार उघडून चौथ्या माणसाला दोन्ही हातांनी उचललं आणि मागच्या चांगल्या चाकाखाली सारलं. गाडी थांबली. आत्या म्हणाली, बघ, बसवला होता ना.

काहीतरी केलंच पाहिजे म्हणून मी डिकीतली प्रत्येक वस्तू काढून कांबळ्यावर यादीच्या क्रमानं मांडली. मला वाटलं, अठरामध्ये चाकाची जागा भरून काढेल असं काहीतरी असेल. तेवढ्यात पेठकडे निघालेली एक जीप थांबली. ड्रायव्हरनं आपलं नाव पुंजाराम सांगितलं. तो माझ्या मांडणीभोवती एक फेरी मारून आला. दोन टॉर्च पाहिल्या, पाण्याचे कॅन हलवून पाहिले. मग म्हणाला,

"ताई, समदं हाय. चाकच नाय."

मामा, हे वाक्य माझ्या कानातून जात नाही. अठरा जिनसांची परीक्षा, आणि त्यानं एका वाक्यात नापास केलं. पण माणूस भला. माझाच जॅक आणि माझाच पाना वापरून त्यानं चाक उतरवलं आणि करंजाळीला पंक्चर काढून परतीच्या जीपवर पाठवतो म्हणून घेऊन गेला. मी जीपचा नंबर तुमच्या यादीच्या मागे लिहून घेतला आणि तो गेल्यावर मनात आलं, नंबर आहे, पण चाक नाही.

पुढचा दीड तास कसा गेला ते सांगते, कारण त्यात तुमच्या यादीतल्या वस्तू गेल्या. बाजार करून परतणारे लोक आमच्यापाशी थांबू लागले. त्यांना ते दुकान वाटलं. सोमा नावाच्या म्हाताऱ्यानं दोरखंडाचं टोक ओढून पाहिलं आणि काय घेणार असं विचारलं. मी सांगणार होते की हे विकायचं नाही. पण आत्यानं चाळीस वर्षं भाजीबाजारात मेथी विकली आहे. समोर माल मांडलेला आणि गिऱ्हाईक उभं, म्हटल्यावर तिला गप्प बसवणं देवालाही जमणार नाही. दोरखंड गेला आणि बदल्यात नागलीचं गाठोडं आलं (बाळंतिणीला पेज चांगली, हे आत्याचं म्हणणं). दुसरी टॉर्च वरईच्या बदल्यात गेली. एका बाईच्या अंगठ्याची ठेच बांधण्यात पट्टी आणि औषध संपलं. ताई कांबळ्याच्या कडेला छत्रीखाली बसून द्राक्षं खात इतकी हसली की मी घाबरले, सातव्या महिन्यात इतकं हसणं चालतं का. तुमच्या यादीत ते नव्हतं.

चाक परतीच्या जीपवर आलं, त्या जीपच्या ड्रायव्हरनंच ते बसवलं, आणि पाच वाजता आम्ही घरी पोचलो. धोंडा सोबत आणला आहे.

मोठ्यांना नमस्कार, सहकाऱ्यांपैकी कुणी मला ओळखत असेल तर त्यांनाही. तब्येतीला जपा.

तुमची भाची,
भाग्यश्री

ता. क. एक राहिलं. घरी आल्यावर सगळी हकिगत आत्यानं सांगितली. ती म्हणाली, "चाक गेलं व्हतं. पोरीनं चाक बसवून गाडी आणली." यात ऐकायला खोटं काही नाही. पण तात्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि आईला म्हणाले, टेम्पो नको सांगायला. त्यांना वाटलं मी स्टेपनी बसवली, आणि मी ते तसंच वाटू दिलं. ताई म्हणते, तुझं तू सांग, मी सांगणार नाही. मी रोज सांगायला जाते आणि त्यांना पाणी देऊन परत येते.

दुसरा ता. क. रविवारी तात्यांना मोटरीच्या खोलीमागे स्टेपनी सापडली. ओट्यासमोरच्या आंब्याला त्यांनी ती टांगली आहे, येणाऱ्या नातवंडाचा झोका म्हणून. मी दारातून बाहेर पडले की ती थेट नाकासमोर येते. काढायची तर कारण सांगावं लागेल, न काढावी तर फेब्रुवारीत ताईला चाकाशिवाय न्यावं लागेल. काल तात्यांनी ती अंगठ्यानं दाबली आणि म्हणाले, पंक्चर चाक, पण हवा काय टिकून आहे.

म्हणून मामा, एवढ्यासाठीच हे पत्र. माझ्या तोंडून निघत नाही. तुम्ही तात्यांच्या नावानं एक पत्र लिहा आणि त्यात सगळं घाला, की भाग्यश्रीनं स्टेपनी काढून ठेवली होती आणि सांगितलं नाही. मला सांभाळून घेऊ नका. पत्र वाचायला माझ्याकडेच येईल, आणि तुमच्या अक्षरात असलं की मी ते वाचेन. एकही ओळ गाळणार नाही.

तिसरा ता. क. जरा लवकर लिहा. सकाळपासून तात्यांनी झोक्याकडे बघत दोनदा विचारलं, जयरामचं पत्र आलं का.