नाक मोकळं पायजे

१८ नोव्हेंबर, सकाळी
दोन्ही नाकपुड्या बंद. पुढच्या गुरुवारी चामोर्शीच्या मंडईत, दिवाळीनंतरच्या जत्रेत, आमचं नाटक. मी बाप करतो. बापाले दोन गाणी, दुसऱ्या गाण्यात मरण. कंपनीचा मालक धनराज फोनवर म्हणे, लटारूभाऊ, आवाज नाकातून येऊन राह्यला, नागपूरचा तो दाढीवाला नट तुमच्या जागी तयार ठेवू का? म्हटलं, ठेव. पडदा ओढाले कामी येईल.
संकल्प: परवापर्यंत नाक मोकळं.

१९ नोव्हेंबर
बायको धुरपतानं ओढत डॉक्टरकडे नेलं. बीपी वाढलेलं निघालं. म्हणे, बीपीची गोळी चुकवू नका. सर्दीले वाफ घ्या, मिठाच्या पाण्याचे थेंब नाकात टाका. पण मेडिकलातून सर्दीची गोळी मनानं घेऊ नका. नाक मोकळं करणारं औषध नसा आवळते, बीपी चढते.
मिठाचं पाणी! मी काय लोणचं आहो? अन् यानं कधी मंडपासमोर तान घेतली?

२० नोव्हेंबर
जाहिदच्या मेडिकलात गेलो. त्यानं विचारलं, भाऊ, बीपी-शुगर आहे का तुमाले? म्हटलं, आमच्या घरी म्हशीलेही नाई. गोळ्या घेतल्या, नाकात टाकाचं औषधही घेतलं. दुपारी नाक एकदम मोकळं! गोठ्यात अख्खं गाणं म्हटलं. म्हैस रवंथ थांबवून ऐकत होती. धनराजपेक्षा रसिक आहे.

२२ नोव्हेंबर
झोप नाई. छाती धडधडते. कलावंताचा जोश असते हा.
बसून विचार केला. एका पोटात दोन औषधं, भांडतीलच. म्हणून नाटक होईपर्यंत बीपीची गोळी बंद. एवढी साधी गोष्ट डॉक्टरले सुचली नाई.

२५ नोव्हेंबर
थेंब टाकले का मोकळं, घडीभरानं पहिल्यापेक्षा जास्त बंद. सर्दी भलतीच मुरली होती. बरं झालं, औषध वेळेवर सुरू केलं.
धुरपताले उशीखाली सर्दीच्या गोळ्यांची पत्ती सापडली. म्हणे, नाटकात मरता ते पुरे नाई का, घरी काऊन प्रॅक्टिस करून राह्यले? मग रडली. मले स्टेजवर ग्लिसरीन लागते, हिले काहीच लागत नाई. टॅलेंट वाया चाललं.

२७ नोव्हेंबर, दुपारी
डोक्यात मागून घण पडून राह्यले. कानात शिट्टी. धनराजले सांगतलं तर दाढीवाल्याची लॉटरी लागते. नाई सांगत. आज एकाच्या जागी दोन गोळ्या. बीपीची उद्यापासून, पक्कं.
धुरपता पहिल्या रांगेत बसणार म्हणते. बस म्हटलं. पाहून घे.

३ डिसेंबर, चंद्रपूर, दवाखाना
डाव्या हातानं लिहून राह्यलो. उजवा अजून झोपला आहे.
दुसऱ्या गाण्यात जीभ जड झाली. हात वर गेला नाई. तोंड एका अंगाले ओढलं. लोकं हसले. कोणी ओरडलं, बापानं टाकली रे! धनराजनं पडदा पाडला अन् म्हणे, लटारूभाऊ, आजच काऊन पिऊन आले? मी त्याले नीट समजावलं. त्याले समजलं नाई. धुरपता स्टेजवर चढली. दारू नाई, सर्दीच्या गोळ्या खाल्ल्या यायनं, गाडी करा, म्हणून किंचाळली. एवढा आवाज तिच्यात आहे हे मले माहीत नव्हतं.
आमची गाडी निघाली अन् तिकडे पडदा उघडला म्हणे. दाढीवाला मेला. टाळ्या पडल्या.
मंडईत कोणालेही टाळ्या पडतात.

५ डिसेंबर
आवाज बिलकुल ठीक आहे. पुढच्या सीझनच्या तारखा धनराजले मीच कळवीन.
सकाळी डॉक्टरीणबाई आली. नाव विचारलं. पोटातून आवाज काढून खणखणीत सांगतलं. ती वाकली, परत विचारलं. परत सांगतलं. मग तिनं धुरपताकडे पाह्यलं.
लग्नापासून धुरपतानं उखाण्याबाहेर कधी माझं नाव घेतलं नाई. तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला अन् हळूच म्हणाली, लटारू.