कॉइल रूममधलं मंगळसूत्र

२८ नोव्हें. १९९४
आजपासून कॉइल रूम. मानपाड्याच्या या कारखान्यात इतकी वर्षं पंपाच्या मोटरी भरल्या, आता पाणबुडीची. घरी बोलायचं नाही, साहेबांनी दम दिलाय. बोलणार कुणाशी? घरात मी नि सासूबाई. नवरा मस्कतला. गणपतीनंतर फोन नाही, पत्र नाही.
आत जाताना बांगड्या, मंगळसूत्र, सगळं लॉकरमध्ये. तांब्याच्या कॉइलवर गुंडाळायच्या टेपखाली धातूचा कण नाहीतर केस गेला की कॉइल बाद. माझ्या जोडीच्या फिलोमेनाने गळ्यातला क्रूस काढला. "चल गो, आता दोघी सारख्याच!"

९ डिसें.
टेपचा प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर अर्धा चढवायचा. सैल नको, सुरकुती नको. साहेब म्हणाले, मोटर एकदा आत बसली की काढायला पाणबुडीचं पोट कापावं लागतं. जे काय करायचं ते आत्ताच नीट करा.
बोटं सुजलीयत. आईंना दाखवली तर म्हणतात, "तो आला की सोड नोकरी." तो आला की! येतोय की नाही तेवढं तरी कळू दे.

२४ डिसें.
फिलो नाताळच्या रजेवर. बाकीच्या आहेत, पण हसायला कुणी नाही. जेवणाच्या सुट्टीत उगाच लॉकर उघडून मंगळसूत्र बघितलं. आहे जागेवर. त्याचा चेहरा आठवायला मात्र वेळ लागला. घाबरले.

१८ जाने. ९५
घोळ झाला. चाळीत जोशीकाकूंकडे हळदीकुंकू. सुटल्यावर धावतपळत ठाकुर्लीला घरी, साडी बदलली, आईंबरोबर गेले. काकूंनी कुंकवाचं बोट पुढे आणलं नि थांबल्या. सगळ्या माझ्या गळ्याकडे. मंगळसूत्र लॉकरमध्येच!
"मस्कतहून काही... कळलं का गं?" काकू.
"नाही हो! कामावर काढावं लागतं."
तर आईच सगळ्यांसमोर, "पंपाच्या मोटरी भरताना कधी काढलं नव्हतंस ते!"
काय सांगणार? साहेबांचा दम आठवला. कुंकू लावलं, वाण मिळालं. घरी आल्यावर आई बोलल्या नाहीत.
खरं म्हणजे, सुटल्यापासून गळा मोकळाय हे मला एकदाही जाणवलं नाही. त्याचंच रडू आलं.

३ फेब्रु.
आई अजून कामापुरतंच बोलतात. मी रोज आठवणीने घालून येते. आल्या आल्या बघतात.

२१ फेब्रु.
शेवटची कॉइल टेस्टला पास. आता सगळ्या मोटरीत बसतील, मोटर पाण्याखाली. आपल्याला काय दिसायची नाही. उद्यापासून परत पंप. "आता घालून बस दिवसभर," फिलो म्हणाली. तिने क्रूस तिथल्या तिथे घातला. मी मंगळसूत्र हातात घेतलं नि जेवणाच्या रिकाम्या डब्यात टाकलं. का ते...
आई दारातच उभ्या. शेजारच्यांकडे त्याचा फोन येऊन गेला. रविवारी परत फोन करतोय.
"काय म्हणाला?"
"तुझ्याशीच बोलायचंय म्हणाला. मी आई, तर मला काही सांगेना."
मग माझ्या गळ्याकडे बघितलं. म्हटलं, झालं, आता सुरू. तर ताट मांडत म्हणाल्या, "फोनमधून काय गळा दिसतो का? जेव आधी."
जेवणं झाल्यावर डबा उघडून बघितला. आहे. झाकण लावून फळीवर ठेवला. आईंनी बघितलं नि ताटं घासायला घेतली. रविवार अजून यायचाय.