एमलिनबद्दल खरं काय लिहायचं

३ मार्च, सोमवार
दोघांचीही पत्रं एकाच टपालात! माझं आणि एमलिनचं. पाच वर्षं भरली, म्हणजे फेरमान्यता आली. रुग्णांची मतं, सहकाऱ्यांची मतं, चुका, शिकलेलं, न शिकलेलं — सगळं मांडायचं. मग मूल्यमापक येणार, आणि ती बरं बोलली तर परवाना आणखी पाच वर्षं.

सरकारी रुग्णालय सोडून वेल्समधल्या या ब्रेकन गावात हा दवाखाना काढला, तेव्हा एमलिन म्हणाला होता, "आता कागदांपासून सुटलो, नेरिस." कसले सुटतोय! तो हृदयं बघतो, मी साखर आणि थायरॉइड. कागद दोघांनाही सारखेच छळतात.

६ मार्च
आमची स्वागतिका ग्लेनिस रुग्णांच्या हातात प्रश्नावल्या कोंबत सुटलीय. "खरं लिहा हं. पण नीट लिहा!" म्हटलं, अगं, असं सांगायचं नसतं. तर म्हणते, "मग डॉक्टर, तुम्हीच बसा माझ्या टेबलाशी."

१२ मार्च
माझ्याबद्दलची मतं वाचली. चोरूनच. खरं तर वाचायची नसतात, पण ग्लेनिसने पाकिटं उघडीच ठेवली होती.
"डॉक्टर चांगल्या. खुर्ची वाईट."
"माझं वाक्य संपायच्या आत डॉक्टर उत्तर देतात. उत्तर बरोबर असतं, पण माझं वाक्य राहून जातं."
दिवसभर हसले. मग दुपारी एका बाईंचं वाक्य मध्येच तोडलं. लगेच जीभ चावली!

१८ मार्च
आज हसू नाही. टेकडीपलीकडचे मेंढपाळ मिस्टर पू साखर तपासायला आले. सोबत एमलिनची चिठ्ठी — "हृदयाचे आवाज नेहमीसारखे." सवयीने छातीवर स्टेथोस्कोपची नळी ठेवली. नेहमीसारखे? झडपेची खरखर एवढी, की करवत चाललीय असं वाटावं! तीनदा ऐकलं.

एमलिनला बोलावलं. त्याने ऐकलं, मान हलवली. "काही नाही गं." तरी माझ्या शब्दाखातर लगेच यंत्रावर तपासलं. झडप आवळलेली. संध्याकाळच्या आत शस्त्रक्रियेच्या डॉक्टरांना फोन झाला. पू वाचतील, वेळेत सापडलं.

एमलिन मोठ्याने हसला, "कान म्हातारे झाले!" मी म्हटलं, तपासून घे. "काय?" म्हणाला. पुन्हा म्हटलं. "बघू," म्हणाला, आणि चहा करायला गेला.

गेलं वर्षभर बघतेय. टीव्हीचा आवाज, ग्लेनिसचं ओरडणं, "काय? काय?" आम्ही त्याचे विनोद करत होतो. विनोदच करत होतो!

१९ मार्च
त्याच्याबद्दलचं मतपत्र आलं. पंधरा सहकाऱ्यांची मतं घेतात, कुणी काय लिहिलं ते गुप्त. शेवटचा प्रश्न — "या डॉक्टरांच्या हातून रुग्णाला धोका होऊ शकेल असं काही तुम्हाला जाणवलं आहे का?"
कोरं ठेवलं. पाकीट पर्समध्ये.

२४ मार्च
अजून पर्समध्येच.

ग्लेनिसला विचारलं. ती कपाटं लावत होती. म्हणाली, "लिहिलंत तर त्यांचा परवाना जाईल?" माहीत नाही. "आणि नाही लिहिलंत तर?" मी पर्सची चेन लावली. ती म्हणाली, "पूंची बायको काल केक घेऊन आली होती. तुमच्यासाठी. एमलिन डॉक्टरांनाही त्यातलाच तुकडा दिलाय मी." एवढंच, आणि पुन्हा कपाटाकडे वळली.

एमलिन एकोणीस वर्षं माझ्या शेजारच्या खोलीत आहे. आई गेली तेव्हा पंधरा दिवस माझे रुग्ण त्याने पाहिले, कुणाला न सांगता.

२७ मार्च
लिहिलं. सात ओळी. पूंचं नाव न घेता सगळं. "उत्तम डॉक्टर. ऐकू कमी येतं. तपासून घेत नाहीत." टपालपेटीत टाकलं.

२८ मार्च
गुप्त वगैरे मला जमेना. सकाळीच त्याच्या खोलीत गेले. दार लावलं, समोर बसले, मोठ्याने सांगितलं — "एमलिन, तुझ्याविरुद्ध लिहिलंय मी. कानांचं."
तो म्हणाला, "पंधरा नावं मीच दिली होती. पहिलं तुझं."
"का?"
"बाकीचे चौदा माझे मित्र आहेत गं."
"आणि मी कोण?" म्हटलं, तर म्हणाला, "काय?" — आणि खो खो हसत सुटला. आलं होतं ऐकू! लबाड!
मग हसू आवरून म्हणाला, "कानांचं मी स्वतःच लिहायला बसलो होतो. तीनदा. नाही झालं."

९ एप्रिल
मूल्यमापक डॉ. मॉक्सन आल्या. उंच, कोरड्या, बिस्किटाला हात लावला नाही. माझं तासाभरात झालं. "लोकांची वाक्यं पूर्ण होऊ द्या" — एवढं एक कलम.
एमलिन तीन तास आत. बाहेर ग्लेनिस आणि मी रुग्णांची तीच ती यादी चारदा लावली. तो बाहेर आला तो टाय सैल करून. अटी अशा: कानांची तपासणी, ऐकायची यंत्रं, गेल्या वर्षभराच्या सगळ्या रुग्णांची पुन्हा तपासणी, आणि तोवर नुसत्या नळीवर विसंबायचं नाही.
"बाई चांगली आहे," म्हणाला. "माझ्यावर ओरडली नाही. हळू, स्पष्ट बोलली."

२२ एप्रिल
कानांची यंत्रं आली! शेंगदाण्याएवढी. ग्लेनिस कुजबुजली, "आता कसे दिसतात, म्हातारे बोकड!" तो आतल्या खोलीतून ओरडला, "ऐकलं!" ती टेबलाखाली.

७ मे
वर्षभराचे सगळे रुग्ण तपासून झाले. एकशे बारा. पूंसारखं दुसरं कुणी नाही. एमलिनने शेवटची फाईल मिटली आणि डोळे पुसले. मी पाहिलं नाही असं दाखवलं.

१६ मे
दोघांनाही मंजुरी. पाच वर्षं! ग्लेनिसने फुगे लावले. पू काठी टेकत आले, छातीवरची शिवण सगळ्यांना दाखवली, नको म्हणणाऱ्यांनाही.

१९ मे
एमलिनने परवाना परत केला.
"पास होऊन सोडायचं होतं, नेरिस. काल टेकडीवर चंडोल ऐकला. अकरा वर्षांनी. मला वाटायचं, ते पक्षीच आता येत नाहीत. तेवढीच वर्षं छातीतलंही काय काय सुटलं असेल!"
मी त्याचं वाक्य संपेपर्यंत थांबले.