चौथा रकाना

नांदेड
रविवार, ७ जुलै २०२४, सकाळचे सव्वानऊ. आताच शर्टाला इस्त्री करून लिहायला बसलो.

ती. प्रियदर्शनीताईस धाकट्या आनंदराजचा सा. न. वि. वि.

तू सांगितलंस म्हणून मायना असा लिहिला. टपाल तुझ्या घरमालकीणबाईंच्या हातून वर येतं, हे ध्यानात आहे. पाकिटाच्या कोपऱ्यातही काही लिहिणार नाही. बाबा मात्र प्रत्येक पाकिटावर आधी ‘जयभीम’ लिहायचे, मग पत्ता. फोनवर तू इतकी हळू बोलतेस की मला माझाच श्वास ऐकू येतो. त्यापेक्षा पत्र बरं.

बाइंडिंगच्या दुकानात काम ठीक आहे. तू वर्गात शिकवणार आहेस ती अमेरिकन कादंबरी मराठीतून वाचून झाली. बारावी नापास माणसाला कळली, म्हणजे तुझ्या वर्गाला कळेलच. भिऊ नकोस. तो काळा आचारी मात्र डोक्यातून जात नाही. जन्मभर गोऱ्या बाईच्या घरी रांधतो आणि मागच्या पायरीवर बसून जेवतो. चोरीचा आळ येतो तेव्हा सारं गाव त्याच्याविषयी बोलतं. तो गप्प.

२१ तारखेला, रविवारी, आषाढ पौर्णिमा आहे. आई गेल्यापासून घरात खीर झालेली नाही. येऊ का? संध्याकाळच्या एसटीनं लगेच परत फिरेन.

तुझा लोभ कमी झालेला नाही असं धरून चालतो.

तुझा आनंदराज

लातूर
१२ जुलै

चि. आनंदराज यास अनेक आशीर्वाद.

येऊ नकोस. रागावूही नकोस. आधीच्या दोन खोल्या नाव-गाव विचारल्यावर ‘कालच दिली’ म्हणून हातच्या गेल्या. आपलं आडनाव जाधव, ते सगळ्यांत असतं. घरमालकीण सिंधुताईंनी त्यावरून मनाशी काय ते ठरवलं आणि मी दुरुस्त केलं नाही. रोज संध्याकाळी त्या स्टीलची वाटी भरून भाजी आणतात. पोरगी लई वाळली, असं म्हणत मी खाईपर्यंत दारात उभ्या राहतात. आईनंतर असं कुणी उभं राहिलेलं नाही रे. तू आलास की त्या गाव विचारतील, घरचा देव विचारतील. आणि तुला खोटं बोलता येत नाही. लहानपणी गूळ खाऊन नाही म्हणायचास, तेव्हा हनुवटीला मुंग्या लागलेल्या असायच्या.

परवा पात्रचित्रण शिकवलं. फळ्यावर चार रकाने आखले. पात्र दिसतं कसं, बोलतं काय, करतं काय, आणि इतर त्याच्याविषयी काय म्हणतात. आचाऱ्याच्या वेळी मुलांनी चौथा रकाना भरून काढला. इमानदार, भोळा, आळशी, चोर. बोलण्याचा रकाना कोराच. तेव्हा मागच्या बाकावरची पुनम उठली आणि तिनं विचारलं की मॅडम, ह्यो माणूस बोलत का न्हाई, बोलला तर घर सुटंल म्हणून का? पोरं हसली. मी म्हटलं, पुढच्या तासाला बघू. घंटा व्हायला पुष्कळ वेळ होता.

जेवण वेळेवर करत जा. ताईवर माया ठेव.

प्रियदर्शनी

नांदेड
२२ जुलै, दुकान उघडण्याआधी.

ती. ताईस सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. काल विहारात जाऊन आलो. खीर मीच केली. तांदूळ खाली लागले. थोडी शेजारच्या केवळाबाईंना दिली. त्या म्हणाल्या, ताई आली न्हाई व्हय? मी म्हटलं, परीक्षेची कामं आहेत. बघ, खोटं बोलता आलं मला.

रात्री पुस्तक पुन्हा चाळलं. त्या आचाऱ्याला भाऊ होता का, हे शोधत होतो. कुठेच नाही. गोऱ्या बाईच्या कुत्र्याचं नाव आहे, याच्या घरच्यांपैकी कुणाचंच नाही. भाऊ असेल तर तोही कुठेतरी वाट बघत असेल, असं वाटलं.

खोली सोडू नकोस. मी पुन्हा विचारणार नाही.

आनंदराज

लातूर
२ ऑगस्ट

चि. आनंदराज यास सप्रेम जयभीम.

हे मुद्दाम पोस्टकार्डावर लिहिते आहे. ज्याला वाचायचं त्यानं वाचावं.

तुझं पत्र आलं त्या संध्याकाळी सिंधुताई वाटी घेऊन आल्या. कुणाचं पत्र, म्हणून विचारलं. भावाचं म्हटलं, आणि मग बाकीचंही सांगितलं. त्या म्हणाल्या, आधी सांगायचं की बाई. दुसऱ्या दिवशी वर्गात पुनमलाही उत्तर दिलं, की हो, घर सुटेल म्हणूनच. यावेळी कुणी हसलं नाही.

मधले काही दिवस भाजी आली नाही. काल आली, उंबऱ्याबाहेर ठेवलेली, कागदी द्रोणात. द्रोण परत करायचा नसतो. खोली सोडा असं अजून म्हणालेल्या नाहीत. म्हणतीलही. मी भाजी खाल्ली नाही, टाकलीही नाही. बराच वेळ तिच्याकडे बघत बसले.

पौर्णिमा गेली तर गेली. तू ११ तारखेला, रविवारी ये. तांदूळ मी आणून ठेवते, खाली लागू देणार नाही. जिन्यात कुणी विचारलं तर स्वतःच्या तोंडानं सांग, कुणाचा कोण ते. आणि येण्याआधी एक पाकीट टाक. बाबा टाकायचे तसं.

तुझी ताई