टबाखालून साष्टांग नमस्कार

तीर्थस्वरूप आत्यास, टबाखालून साष्टांग नमस्कार. (साष्टांग खरोखरच. पोटावर पालथा पडून लिहितो आहे, म्हणून अक्षर असं.) तुझे गुडघे काय म्हणतात? नवी कवळी बसली का, की अजून डबीतच असते? इकडे मी सुखरूप आहे, म्हणजे वरून तरी तसाच दिसतो.

लहानपणी तू म्हणायचीस, पाहुणे आले की हा मेला पलंगाखाली! कळवायला आनंद वाटतो की आता मला त्याचाच पगार मिळतो. तळ्यावरच्या कासवांची पाहणी करायची आणि कोण कुठे, कसं लपतं ते निरीक्षणवहीत लिहायचं. खात्याचा नियम एकच: कासवानं डोकं आत घेतलं की आपण वीस मिनिटं जागचं हलायचं नाही, ते आपणहून बाहेर काढतं. पण काठावरून मला काही नीट दिसेना. मग मी पाठीला पत्र्याचा टब बांधला, वर शेवाळ थापलं आणि त्यांच्यातच जाऊन पडलो. दोन दिवस त्यांनी मला वाळीत टाकलं. तिसऱ्या दिवशी सहा जण माझ्यावर ऊन खायला चढले. (सगळ्यात मोठं मानेवर. मान अजून तशीच आहे.) एकाला घारीची सावली दिसली की बाकीची कारण विचारत बसत नाहीत, धपाधप पाण्यात उड्या टाकतात. परवा मीही टाकली. टब बांधलेला आहे हे तळाशी गेल्यावर आठवलं. मऊ पाठीचं एक कासव चिखलात स्वतःला पुरून घेतं आणि नाकाचा शेंडा तेवढा बाहेर ठेवतं. त्याला दगड समजून मी कोपर टेकलं. कोपर बरं आहे, आता वाकतंही.

मंगळवारी मोठे साहेब तपासणीला आले. उठून नमस्कार करायचा, तर माझे हातपाय आपोआप आत! साहेब माझ्यावर बसले, सावकाश डबा खाल्ला, मग उठून माझ्याच पाठीवर कागद ठेवून मी जागेवर नसल्याचा मेमो लिहिला. ते गेल्यावर मी तो वाचला. भाषा चांगली आहे.

पण आत्या, मला भीती साहेबांची नाही. इथे कासवांची चित्रं काढणाऱ्या एक बाई आहेत. रोज चारला येतात, कानावर पेन्सिल असते. त्यांना एक गोष्ट विचारायची आहे, सात महिने झाले. त्या दिसल्या की मी टबाखाली. एकदा त्यांनी वाकून विचारलं, "आत आहात का हो?" तर मी फुसकारलो. (डोकं झटकन आत घेताना कासवाच्या छातीतली हवा अशीच बाहेर पडते. शास्त्राला धरून होतं, पण त्यांना लागलं असावं.) महिनाअखेरीस त्यांची बदली होते आहे. मला फार वाईट वाटतं गं.

तुझा पालथा भाचा

ता. क. पत्राचं कारण कासवं नाहीत, हे तू ओळखलं असशीलच. तू ये आणि त्यांना विचार, माझ्याशी लग्न करतील का. मी शेजारीच असेन. टबाखाली.

ता. क. (हे अक्षर माझं, चित्रं काढणारीचं.) आत्याबाईंना नमस्कार. पत्र निरीक्षणवहीत राहिलं होतं. वही वाचून चित्रं काढायची हे माझं कामच, तेव्हा वाचलं गेलं, रागावू नका. आज चारला टबासमोर बसले, नियमाप्रमाणे न हलता. वीस मिनिटांत काहीच झालं नाही. एक तास दहा मिनिटांनी नाक आलं, मग डोकं. त्यांना विचारायला जमेना, म्हणून मीच आधी हो म्हणून टाकलं. डोकं पुन्हा आत गेलं आहे, पण टब हलतो आहे, त्याअर्थी आनंदच असावा. तुम्ही गुडघे सांभाळून या. येताना जरा मोठा टब आणा. यात दोघं मावत नाहीत.