मामाच्या गावी गेलेल्या मुली

ती. इंद्रजितदादास,

मारेगावहून धाकट्या बहिणीचा, दीपमालाचा, सप्रेम जयभीम. वहिनींनाही सांग.

पत्र पाहून घाबरू नकोस, सगळे धडधाकट आहेत. तुझा गुडघा कसा आहे? नुसत्या तेलानं गुडघा बरा होत नाही, हे मी नर्स असून किती वेळा सांगितलं, तरी तू बाजारातल्या त्या बाबाचंच तेल चोळत असशील. वहिनींचं बीपी तपासून घे. तुझी लेक दीपा अभ्यास करते का? (करत नसेल, पण विचारायची पद्धत आहे.) आमची निकिता तुमच्याकडे मजेत असेल. तिची सर्दी अजून गेली नसेल तर घाई नको, ढाणकीची हवा तिला मानवते. दिवाळीच्या सुट्या संपून इथली शाळा सुरू झाली खरी, पण शाळा काय, रोजचीच आहे. आता तू म्हणशील, फोन असताना ही बाई पत्र कायले लिहून राह्यली? तर बाप्पा, तुझा फोन सदा स्पीकरवर. मी इकडून बोलते अन् तुझ्या कृषी केंद्रातलं गिऱ्हाईक तिकडून मला उत्तर देतं. मला सांगायचं आहे ते गिऱ्हाइकासमोर सांगण्यासारखं नाही. निकिताचे बाबा तुम्हाला तूरडाळ द्यायला येत आहेत, त्यांच्याच हाती हे पाकीट चिकटवून देते.

तर झालं असं. मुलींसाठी गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरची लस आली आहे, हे तू बातम्यांत ऐकलं असशील. चौदा वर्षांच्या मुलींना दंडात सुई, बाकी काही नाही. त्यासाठी आमच्या आरोग्य केंद्रातल्या सगळ्यांना प्रशिक्षणाला बोलावलं. पडद्यावर चित्रं होती, मध्ये आलूबोंडा होता. आमचे औषधवाले विठ्ठलराव (यांच्या तोंडात कायम तंबाखू-सुपारीचा खर्रा, त्यामुळे गोळ्या जेवणाआधी घ्यायच्या की नंतर हे ते हातवारे करून सांगतात) त्यांनी खास खर्रा थुंकून येऊन विचारलं की कॅन्सरचीच लस आहे तर मलेही एक देऊन टाका, म्हणजे खर्रा सोडायची कटकट नाही. शिकवणाऱ्या मॅडमनी समजावलं की ही एका विषाणूवरची लस आहे, तो विषाणू बायांच्या पिशवीच्या तोंडाशी वर्षानुवर्षं दबा धरून बसतो, तुमचा खर्रा हे प्रकरण वेगळं. विठ्ठलराव नाराज झाले. मग आमच्या मोठ्या सिस्टर विमलताई. सगळा जन्म बाळंतपणं करण्यात गेला, पण त्या अवयवाचं नाव निघालं की पदर सावरून 'तिकडचं' म्हणतात. त्यांचं म्हणणं, तिकडची लस लग्नाआधी पोरीले काहून द्यायची, लोक काय म्हणतील? मॅडम म्हणाल्या, आधी दिली तरच तिचा खरा उपयोग, अंगावर गोवर निघाल्यावर गोवराची लस कोणी देतं का? विमलताईंनी मान डोलावली. आम्ही सगळ्यांनीच डोलावली. आमच्या खात्यात माना फार चांगल्या डोलतात. त्यानंतर आलूबोंड्याची दुसरी फेरी झाली अन् आम्ही तज्ज्ञ होऊन परतलो.

मग गावात सभा घेतली. कापसाची वेचणी सुरू असल्यानं बाया घरी आल्यावर संध्याकाळी ग्रामपंचायतीसमोर सतरंज्या टाकल्या. आमचे डॉक्टर रजत नवीन आहेत, हुशार आहेत, मनानं चांगले आहेत, अन् बिनलग्नाचे आहेत. (हे शेवटचं ध्यानात ठेव, पुढे लागणार आहे.) त्यांनी छान समजावलं. बायांनीही धडाधड विचारलं. ताप येतो का? आला तर थोडा येतो. चक्कर येते का? एखादीला येते, म्हणून टोचल्यावर अर्धा तास बसवून ठेवतो. पुढे पोरीला मूल होत नाही म्हणे? कोणाच्या तरी फोनवर तसा मेसेज फिरत होता. तो मी सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचून दाखवला अन् त्यातलं एकेक वाक्य कसं खोटं आहे ते सांगून अशी हसले की बायाही हसल्या. मला माझंच कौतुक वाटलं. तेवढ्यात मैनाबाई उठली. हिची सून याच आजारानं गेली. अंगावरून जात होतं ते लाजेपायी कोणाला बोलली नाही, नागपूरला कॅन्सरवरचा शेक, म्हणजे रेडिएशन, द्यायला नेलं तेव्हा फार उशीर झाला होता. मागे नयन नावाची पोरगी राहिली, आता चौदाची, आजीजवळ असते. मैनाबाईनं डॉक्टरांकडे पाहिलंच नाही. आम्हा सगळ्यांकडे पाहून एवढंच विचारलं, "तुमच्या पोरीईले देली का?"

दादा, या वेळी आमची एकही मान डोलली नाही, सगळ्या सतरंजीकडे वळल्या. अन् तेवढ्यात डॉक्टरसाहेबांनी माईक धरून जाहीर केलं की पहिल्या दिवशी आरोग्य केंद्रातल्या लोकांच्या मुली, मग गावातल्या. आम्हाला विचारलं नाही की पुसलं नाही. यांना लेक नाही, बायको नाही, यांना काय जातंय! गावानं मात्र तो शब्द पक्का धरला. आधी तुमच्या, मग आमच्या.

ठरलेल्या दिवशी लस फ्रिजमध्ये तयार, खुर्चीवर धुतलेली चादर, दाराला झेंडूचं तोरण (विमलताईंची हौस), अन् आमच्यापैकी एकाचीही पोरगी हजर नाही. विठ्ठलरावांची लेक मामाच्या गावी कळंबला गेलेली. विमलताईंची नात मामाच्या गावी गेलेली. केंद्राची गाडी चालवणाऱ्या बाबुलालची पोरगी, तीही मामाच्या गावी. आता बाबुलालच्या बायकोला सगळ्या बहिणीच आहेत, भाऊ नाही, हे अख्ख्या गावाला ठाऊक. मी तसं म्हटलं तर म्हणतो, मानलेला मामा आहे! दिवाळी होऊन गेली, शाळा भरली, अन् आमच्या खात्याच्या पोरींना एकाएकी मामाची माया आवरेना. गावातल्या बाया वेचणीचा खाडा करून पोरींना घेऊन आल्या होत्या. भिंतीला टेकून बसल्या, रिकाम्या खुर्चीकडे पाहत राहिल्या, अन् शेताकडे निघाल्या. मैनाबाई नयनचा हात धरून शेवटपर्यंत थांबली. जाताना तिनं मलाही काहीतरी विचारलं. पण मला तेव्हाच फ्रिजचं तापमान पाहायचं होतं, म्हणून मी आत गेले.

मला असा संताप आला म्हणून सांगू! नंतर चहाच्या वेळी मी सगळ्यांना तोंडावर झाडलं. म्हटलं, लाज नाही वाटत? लोकांच्या पोरींसाठी तज्ज्ञ, अन् घरच्या पोरीपाशी अडाणी? आपणच दडून बसलो तर लोकांनी कोणाच्या तोंडाकडे पाहायचं? विमलताई पदराशी चाळा करत राहिल्या. बाबुलाल गाडी पुसायला गेला. विठ्ठलरावांच्या तोंडात खर्रा असल्यानं ते बोलू शकले नाहीत, त्यांनी फक्त तुमच्याकडे येणारी उमरखेडची बस जाते त्या रस्त्याकडे बोट दाखवलं. मी तिकडे लक्ष दिलं नाही. डॉक्टरांनी आता शनिवारी पुन्हा दिवस ठेवला आहे. याही वेळी खुर्ची रिकामी राहिली तर गाव आमच्या हातून साधी तापाची गोळी घेणार नाही, अन् नयनसारख्या पोरी तशाच राहतील. बाकी इकडे सर्व ठीक. डाळ घरचीच आहे, एका शिटीत शिजते. वहिनींना अन् मुलींना जयभीम.

तुझी,
दीपमाला

ता. क. निकिताला डाळ आणणाऱ्याच्या सोबतच पाठवून दे, शनिवारच्या आत. तू आता हसत असशील, हस. तो मेसेज मीच वाचून दाखवला, मीच हसले, अन् घरी येऊन मीच पोरीची बॅग भरली. दादा, मी भ्याले. मला सगळं माहीत आहे, मी ते झोपेतही सांगू शकते. पण माहीत असणं वेगळं अन् आपल्या पोरीचा दंड वेगळा. मनात आलं, त्या मेसेजातलं एखादं वाक्य खरं निघालं तर? निकिताच्या बाबांना यातलं काही ठाऊक नाही, ते खरंच डाळ द्यायला येत आहेत.

ता. क. दुसरा. सकाळची बस चुकवून हे परत आले, म्हणून पाकीट पुन्हा उघडलं. मधल्या वेळात मैनाबाई नयनला घेऊन केंद्रात आली. शनिवारची वाट न पाहता. मी म्हटलं, माझी पोरगी अजून यायची आहे, मावशी. तर म्हणाली, "तुही पोरगी येईन तवा येईन. माही सून लाजेपायी गेली वो, आता मी अजून कोनाची वाट पाहू?" डॉक्टरांनी तपासलं, सुई मी टोचली. नयननं स्वतःच बाही वर केली. अर्धा तास बाकावर बसली, बिस्कीट खाल्लं, मला विचारलं की निकिता रडणार का, अन् शाळेत गेली. मी फ्रिजमागे जाऊन रडून घेतलं. तिच्या मागोमाग दोघी बाया पोरींना घेऊन आल्या, त्यांनीही कोणाची पोरगी कुठे आहे ते विचारलं नाही. तेव्हा आता गावाला दाखवायला निकिता नको. तरी पाठव. आता ती मला तिच्यासाठीच हवी आहे. दीपाही चौदाचीच, तिलाही तिकडच्या आरोग्य केंद्रात ने, अन् तिथल्या नर्सबाईची पोरगी मामाच्या गावी गेली असेल तर तिच्यासाठी थांबू नकोस.

ता. क. तिसरा. निकिताला सर्दी नव्हतीच. वहिनींना म्हणावं, काढा बंद करा.